आकार, तहकुबी आणि अभय : घरगुती विजेच्या देण्यातील सवलतीचा इतिहास, कबनूरच्या संदर्भात

महाराष्ट्रातील कोणत्याही घरी दरमहा येणारे विजेचे बिल भाषेच्या अभ्यासकाने एकदा लक्षपूर्वक वाचावे. त्यात ‘स्थिर आकार’, ‘वीज आकार’, ‘वहन आकार’, ‘इंधन समायोजन आकार’ अशा ओळी येतात आणि त्यांच्या शेवटी ‘थकबाकी’ हा शब्द येतो. यांतील ‘आकार’ हा शब्द वीजमंडळाने घडविलेला नाही. जमिनीच्या सातबारा उताऱ्यावर सरकारने धरलेला सारा दाखविण्यासाठी तो फार पूर्वीपासून वापरात आहे. ‘थकबाकी’, ‘वसुली’, ‘हप्ता’, ‘सूट’, ‘माफी’, ‘तहकुबी’ हे शब्दही मूळचे महसुली दप्तरातलेच होत. विजेचे बिल हा विसाव्या शतकातला कागद. परंतु त्याची भाषा पाटील-कुलकर्ण्यांच्या काळची आहे.

हा केवळ शब्दांचा योगायोग मानावा काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. हाती पैसा नसता देणे कसे निभवावे, कोणाकडे अर्ज करावा, कोणती सवलत मागावी, यासंबंधीचे आपले सारे संकेत शेतसाऱ्याच्या व्यवहारात घडले. वीज आली तेव्हा हे संकेत शब्दांसह तिच्या व्यवहारात आले. मात्र सारा देणारा खातेदार आणि बिल भरणारे घर यांच्या स्थितीत मोठे अंतर होते. ते लक्षात न घेतल्यामुळे सवलतीची योजना एकीकडे आणि गरजू घर दुसरीकडे, असे पुष्कळदा घडले. हे अंतर दाखविण्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यातील कबनूर हे गाव विचारात घेतले आहे. इचलकरंजीस लगटून असलेले हे गाव नावाने खेडे असले तरी त्याचे जीवन यंत्रमागाशी निगडित आहे. अशा गावात शेतीचे खाते नसलेली, भाड्याने राहणारी आणि मजुरीवर चालणारी घरे पुष्कळ असतात; आणि प्रस्तुत प्रश्न नेमका त्या घरांचा आहे.

१

प्रथम महसुली व्यवहाराचे स्वरूप पाहू. मराठेशाहीतील कागदपत्रांत देण्याच्या सवलतीचे निरनिराळे प्रकार निरनिराळ्या शब्दांनी ओळखले जातात आणि त्यांच्या अर्थांतील भेद काटेकोर असतो. ‘सूट’ म्हणजे देण्यातील काही भाग कायमचा सोडून देणे. ‘माफी’ म्हणजे देण्यातून पूर्ण मोकळीक. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. ‘तहकुबी’ म्हणजे वसुली पुढे ढकलणे. तीत देणे नाहीसे होत नाही, फक्त त्याची वेळ बदलते. ‘हप्ता’ हा मूळचा फारसी ‘सात’ या संख्येवरून आलेला, आठवडा या अर्थाचा शब्द मराठीत देण्याच्या एका अंशास लागू झाला. ‘सवलत’ हा शब्द ‘सुलभता’ या अर्थाच्या अरबी शब्दापासून आलेला असून त्यात सोडून देण्याची कल्पना मुळात नाही. देणे सोपे करणे एवढाच त्याचा आशय आहे.

याशिवाय ‘कौल’ आणि ‘अभय’ ही जोडी ध्यानात घेतली पाहिजे. स्वारी, दुष्काळ किंवा जुलूम यांमुळे गाव ओस पडला आणि रयत परागंदा झाली म्हणजे तिला परत आणण्यासाठी अधिकारी कौल देत असत. कौल म्हणजे वचन. मागील बाकीचा तगादा होणार नाही, पहिल्या वर्षी सारा हलका राहील व पुढे तो पायरीपायरीने वाढेल, असे आश्वासन त्यात असे. या चढत्या आकारणीस ‘इस्तावा’ म्हणत. अभयपत्राचा हेतूही असाच होता : ज्याला भय आहे त्याला निर्भयपणे परत येता यावे. या सवलतींमागे केवळ दया होती असे मानण्याचे कारण नाही. रान पडीक राहिल्यास राज्याचे उत्पन्न बुडते, हा हिशेब त्यामागे होता. सवलत दिल्याने शेवटी वसूल वाढतो, हे त्या काळच्या कारभाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

इंग्रजी अमदानीत या व्यवहारास नियमांची चौकट मिळाली. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने वसुलीची पद्धत निश्चित केली. १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी तगाईच्या कर्जास आधार दिला. पीक किती आण्यांचे आले हे ठरवून त्यावरून सूट-तहकुबीचा निर्णय घ्यावयाचा, ही ‘आणेवारी’ची रीत याच काळात स्थिर झाली. दशमान चलनानंतर तिलाच ‘पैसेवारी’ म्हणू लागले. १८९६-९७ च्या दुष्काळात कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी तगाई व स्वस्त धान्याची सोय केली, ती या परंपरेतच पण तिच्या पुढे एक पाऊल टाकून. कारण स्वस्त धान्याच्या दुकानाचा उपयोग ज्याच्या नावे जमीन नाही त्यालाही होतो.

या सर्व व्यवस्थेत तीन गोष्टी गृहीत होत्या. देणेकऱ्याचे नाव दप्तरात असे. संकट डोळ्यांना दिसणारे व सामुदायिक असे. आणि गावाच्या वतीने बोलणारा कोणी तरी, बहुधा पाटील, असे. ज्याचे नाव खात्यावर नाही तो सूट मागू शकत नव्हता. पण त्याच्याकडे सारा थकतही नव्हता, म्हणून या व्यवस्थेतील हे वैगुण्य त्या काळी जाणवले नाही.

२

आता घरातील उजेडाच्या इतिहासाकडे वळू. वीज येण्यापूर्वी गरीब घरातील उजेड तेलाचा होता. आधी गोडे तेल किंवा करडईचे तेल, पुढे खनिज तेल. या खनिज तेलाची मराठी नावे उद्‌बोधक आहेत. ‘रॉकेल’ हे इंग्रजीतील ‘खडकाचे तेल’ या अर्थाच्या जोडशब्दाचे मराठी रूप, तर ‘घासलेट’ हे ‘गॅसलाइट’ या शब्दाचे. ज्या दिव्यात ते जळे त्याला लोकांनी ‘चिमणी’ म्हटले. वस्तू परकी असली तरी तिच्याभोवतीचा व्यवहार पूर्णपणे घरगुती होता. जेवढे पैसे तेवढे तेल. पैसे नसले तर वात लहान करावयाची, लवकर निजावयाचे किंवा शेजारून वाटीभर तेल उसने आणावयाचे. दुकानदाराची उधारी होत असे. परंतु उजेडासाठी सरकारचे देणे थकले, असा प्रसंग कोणत्याही मजुराच्या घरी येत नसे.

त्यामुळे तेलाच्या बाबतीत सरकारी साहाय्याचे स्वरूपही निराळे राहिले. येथे सूट नव्हती, तहकुबी नव्हती. शिधापत्रिकेवर कमी दराचे रॉकेल मिळे, एवढेच. ही मदत खरेदीच्या क्षणीच पोचत असे. तिचा दोष असा की रांगेत उभे राहण्यास वेळ पाहिजे, त्या दिवशी हाती रोकड पाहिजे आणि दुकानात तेल आलेले असले पाहिजे. गुण असा की तिला मागील बाकीची छाया नव्हती.

विजेने हा क्रम उलट केला. वीज आधी वापरावयाची आणि महिन्याने पैसे द्यावयाचे. म्हणजे वीज पुरवठादार प्रत्येक घराला दरमहा नकळत उधार देतो. ज्याच्या नावे एक गुंठाही जमीन नाही अशा मजुराचे एका मोठ्या सार्वजनिक संस्थेकडे प्रथमच खाते उघडले गेले, त्याला क्रमांक मिळाला आणि त्या खात्यावर ‘आकार’ पडू लागला. या अर्थाने वीजबिलाने भूमिहीनास खातेदार केले, असे म्हणावयास हरकत नाही. महसुलाची भाषा बिलावर आली, तिचे खरे कारण येथे आहे. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय व महाराष्ट्र राज्य वीज मंडळ ही दोन्ही अस्तित्वात आली. शासनव्यवहाराची मराठी घडत असताना देण्याघेण्यासाठी शब्द हवे होते. आणि तयार, सर्वांना कळणारे शब्द महसुली दप्तरात होते.

बोलीने मात्र निराळा मार्ग धरला. कागदावर ‘वीजदेयक’ असले तरी घरात ‘लाईटबिल’ असते. वीज ‘खंडित’ होत नाही, ‘लाईट तोडली’ जाते. ‘लाईट’ या शब्दाचा बोलीतील विस्तार पाहण्यासारखा आहे : पंखा, शिलाई यंत्र, पाण्याची मोटर यांना लागते तीही ‘लाईट’च. एका दिव्यासाठी आलेल्या वस्तूचे नाव तिच्या सर्व उपयोगांस लागले. सवलतीचे नियम मात्र, पुढे दिसेल त्याप्रमाणे, अजून त्या एका दिव्याशीच अडलेले आहेत.

३

कबनूरच्या परिसरात विजेला घरगुती महत्त्वाआधी औद्योगिक महत्त्व प्राप्त झाले. इचलकरंजीचे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये तेथे पहिला यंत्रमाग चालविला. पुढील अर्धशतकात हा धंदा वाढून आसपासच्या गावांत पसरला. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९६२ पासून कोयनेची वीज मिळू लागली आणि राज्यात वीजपुरवठ्याचा विस्तार वेगाने झाला. यंत्रमागाच्या गावात वीज हीच मजुरीची जननी असते. माग चालला तर मीटरवारी कापड निघते आणि त्यावर मजुरी ठरते. माग थांबला की मजुरी थांबते. ही मजुरी बहुधा आठवड्याला हाती पडते. बिल मात्र महिन्याचे असते. ‘हप्ता’ या शब्दाचा मूळ अर्थ आठवडा होता हे वर सांगितलेच आहे. विणकराच्या घरात तो अर्थ अद्याप जिवंत आहे, पण बिल भरण्याच्या रीतीत त्याला स्थान नाही.

यंत्रमागाच्या विजेला राज्य शासन दीर्घकाळ सवलतीचा दर देत आले आहे व त्याचा लाभ या धंद्याला निश्चित झाला. तथापि ती सवलत मागाच्या मीटरची आहे. मागावर उभे राहणाऱ्याच्या घरातील मीटरचा तिच्याशी संबंध नाही. एकाच गावात, एकाच तारेवरून येणाऱ्या विजेच्या बाबतीत उत्पादन आणि निवास यांत असा भेद पडतो.

घरगुती बाजूस साहाय्याचा प्रारंभ जोडणीपासून झाला. १९८८-८९ मध्ये केंद्र शासनाने ‘कुटीर ज्योती’ हा कार्यक्रम सुरू केला. ग्रामीण गरीब कुटुंबास एका दिव्याची जोडणी द्यावी व तिचा प्रारंभीचा खर्च शासनाने सोसावा, असे त्याचे स्वरूप होते. २०१७ च्या ‘सौभाग्य’ योजनेतही गरीब कुटुंबास जोडणी विनामूल्य मिळे आणि इतरांकडून पाचशे रुपये बिलातून दहा हप्त्यांत घेतले जात. दोन्ही योजनांत मदत दाराशी येऊन थांबते. तार घरात आल्यावर दरमहा येणाऱ्या आकाराचे काय, हा प्रश्न दरपत्रकावर सोपविलेला आहे.

४

हे दरपत्रक महाराष्ट्रात १९९९ पासून वीज नियामक आयोगाच्या अखत्यारीत आहे. २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. आयोगाच्या दरआदेशांत ‘दारिद्र्यरेषेखालील’ असा घरगुती ग्राहकांचा एक वर्ग आढळतो व त्याचा दर सर्वांत कमी असतो. या शब्दाची व्याख्या सूक्ष्मपणे वाचली पाहिजे. महाराष्ट्रात १९९९ पासून तिरंगी शिधापत्रिकांची पद्धत आहे व वार्षिक पंधरा हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबास पिवळी पत्रिका मिळण्याची तरतूद तीत झाली. रेशन दुकानात ‘दारिद्र्यरेषेखालील’ म्हणजे उत्पन्नाने गरीब. ३० मार्च २०२० च्या दरआदेशात मात्र याच शब्दाचा अर्थ असा आहे : ज्याचा मंजूर भार ०.१ किलोवॉटपर्यंत आहे आणि ज्याने मागील आर्थिक वर्षात ३६० युनिटांपर्यंतच वीज वापरली आहे, असा ग्राहक. येथे उत्पन्न पाहिले जात नाही, वापर पाहिला जातो. महिन्यास तीस युनिट, म्हणजे दिवसास एक.

त्या व्याख्येतच पुढे एक अट आहे. वर्षात ३६० युनिटांहून अधिक वापर झाल्यास ग्राहक सर्वसाधारण घरगुती वर्गात जातो आणि पुढे त्याचा वापर कितीही घटला तरी त्याला मूळ वर्गात परत येता येत नाही. एका उन्हाळ्यात आजारी माणसासाठी पंखा रात्रंदिवस चालला, किंवा घरी बाळंतीण आली आणि वापर वाढला, तर त्या एका वर्षामुळे सवलत कायमची जाते. मराठेशाहीतील इस्ताव्याशी या अटीची तुलना केली म्हणजे तिचे वैशिष्ट्य स्पष्ट होते. इस्तावा रयतेची शक्ती जसजशी वाढेल तसतसा वाढे, आणि पुन्हा संकट आल्यास नवा कौल मिळू शके. येथे दार एकाच बाजूने उघडते.

दुसरी अडचण नावाची आहे. सवलत मीटरला लागते आणि मीटर घरमालकाच्या नावे असतो. एका मीटरवर दोन-तीन भाडेकरू कुटुंबे राहत असली म्हणजे सर्वांचा वापर एकत्र मोजला जातो. प्रत्येक घर काटकसरीने राहिले तरी बेरीज वरच्या टप्प्यात जाते. कारण घरगुती दर शंभर, तीनशे व पाचशे युनिटांच्या टप्प्यांनी चढतात. अशा वेळी सर्वांत कमी वीज वापरणारे कुटुंब सर्वांत कमी दराला मुकते, आणि त्याविरुद्ध दाद मागण्यास ते ‘ग्राहक’ही नसते. महसुली व्यवस्थेत बिनखात्याचा माणूस सवलतीबाहेर होता, पण देण्याबाहेरही होता. वीजव्यवहारात तो देण्याच्या आत आणि सवलतीच्या बाहेर आहे. मागील दोन विभागांतील विवेचनाचा निष्कर्ष या एका वाक्यात येतो.

एक तरतूद मात्र कबनूरसारख्या गावाच्या विशेष उपयोगाची आहे व ती पुरेशी परिचित नाही. घराच्या एका भागात शिलाई किंवा तत्सम धंदा चालत असल्यास आणि वापर महिन्यास तीनशे व वर्षास ३६०० युनिटांपर्यंत असल्यास त्या ग्राहकास घरगुती दरच लागू होतो, असे दरआदेशात म्हटलेले आहे. घरी शिवणकाम करणाऱ्या स्त्रीस व्यापारी दराची भीती घालण्याचे कारण उरत नाही.

५

आता प्रासंगिक सवलतींकडे पाहू. येथे जुने शब्द आपल्या जुन्या अर्थांसह परत आलेले दिसतात. पैसेवारी कमी आल्यामुळे टंचाई जाहीर झाली म्हणजे शासन ज्या सवलती देते, त्यांत जमीन महसुलातील सूट व कर्जवसुलीची स्थगिती यांच्या जोडीला कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट आणि थकबाकीसाठी पंपाची जोडणी न तोडणे ही कलमे असतात. शेतसाऱ्याचा न्याय येथे सरळ पंपाच्या बिलास लावलेला आहे. २००४ मध्ये सुशीलकुमार शिंदे यांच्या शासनाने शेतीची वीज मोफत केली व २००५ मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांसाठी मोफत विजेची योजना पुन्हा आली. दुष्काळात ज्या शेतमजुराचे काम बुडते त्याच्या घरातील दिव्याला मात्र या यादीत स्थान नाही.

यंत्रमागाच्या गावाचा दुष्काळ आभाळातून येत नाही. तो बाजारातून येतो. सूत महागते, कापडाचा उठाव थांबतो, पाळ्या बंद होतात. त्याची पैसेवारी कोणी काढीत नाही. २०२० च्या टाळेबंदीत प्रथमच असे संकट आले की जे एकाच वेळी सर्व मजुरांच्या घरात दिसत होते. एप्रिल व मे महिन्यांत मीटरवाचन झाले नाही व सरासरीने बिले दिली गेली. जूनमध्ये प्रत्यक्ष वाचनानंतर तीन महिन्यांचे बिल एकत्र आले, आणि काम बंद असलेल्या घरात मोठा आकडा येऊन पडला. महावितरणने तीन हप्त्यांची सोय दिली व एकरकमी भरणाऱ्यास दोन टक्के सूट दिली. इचलकरंजीचे प्रताप होगाडे ज्या महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेचे नेतृत्व करतात तिने व अन्य संघटनांनी जुलै २०२० मध्ये बिलांची होळी करून माफीची मागणी केली. दिवाळीपूर्वी सवलतीची आशा दाखविली गेली. नोव्हेंबरमध्ये ती देता येणार नाही असे ऊर्जामंत्र्यांनी सांगितले.

या वादात ‘हप्ता’, ‘सूट’ आणि ‘माफी’ हे तीन भिन्न अर्थांचे शब्द एकमेकांत मिसळले. लोकांनी माफी मागितली. कंपनीने हप्ता दिला. २००३ च्या वीज कायद्याच्या ६५ व्या कलमानुसार राज्य शासनास एखाद्या ग्राहकवर्गास अनुदान द्यावयाचे असेल तर ती रक्कम त्याने पुरवठादारास आगाऊ द्यावी लागते. म्हणजे माफी देणे कंपनीच्या हाती नाही, ते शासनाच्या तिजोरीचे काम आहे. आणि हप्ते पाडून देणे कंपनीच्या हाती आहे. कोणता शब्द कोणापुढे उच्चारावयाचा याचे ज्ञान पूर्वी कुलकर्ण्याला असे. आज ते प्रत्येक घराला असणे अवश्य झाले आहे. अन्यथा माफीच्या आशेवर थांबलेल्या घराची बाकी व्याजासह वाढते, आणि मिळण्याजोगा हप्ताही हातचा जातो.

२०२२ मध्ये कायमचा वीजपुरवठा तोडलेल्या ग्राहकांसाठी ‘विलासराव देशमुख अभय योजना’ आली. मूळ थकबाकी भरल्यास व्याज व विलंब आकार माफ, असे तिचे सूत्र होते. ‘अभय’ हा शब्द येथे अगदी यथार्थ योजिला गेला आहे. परागंदा रयतेला परत बोलावणाऱ्या कौलाचाच हा नवा अवतार. जोडणी तुटलेला ग्राहक म्हणजे विजेच्या राज्यातील परागंदा रयत होय. पण जुन्या कौलात मागील मूळ बाकीचाही विचार होई व पुढील आकारणी हलकी होई. नव्या अभयात माफी मुख्यतः व्याज व विलंब आकारापुरती होती आणि पुढील दर तोच राहिला.

६

आतापर्यंत ज्या सवलती पाहिल्या त्या देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून आहेत. याहून निराळी अशी एक मालिका कायद्याने दिलेल्या संरक्षणाची आहे, आणि या इतिहासातील खरी प्रगती तीत दिसते. १९१० च्या वीज कायद्यात थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी सात दिवसांची नोटीस आवश्यक होती. २००३ च्या कायद्याच्या ५६ व्या कलमाने ती मुदत पूर्ण पंधरा दिवसांची व नोटीस लेखी ठरविली. बिलाबद्दल वाद असल्यास मागितलेली रक्कम, किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरल्यास वादाचा निर्णय होईपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. बिलात सातत्याने दाखविली न गेलेली बाकी दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही. तक्रारीसाठी ४२ व्या कलमान्वये ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच व त्यावर विद्युत लोकपाल आहे.

भाषेच्या दृष्टीने येथे झालेला बदल महत्त्वाचा आहे. जुन्या कागदांतील रयत ‘विनंती’ करते आणि धनी ‘मेहेरबान’ होतो. या कलमांत विनंती नाही. अट पुरी झाली की हक्क उत्पन्न होतो. तरीही बिल थकलेले घर कचेरीत जाते ते जुनी भाषा घेऊनच : ‘साहेब, एवढा महिना सांभाळून घ्या.’ ही नम्रता दोषास्पद नाही; पण तिच्यासोबत पंधरा दिवसांचे आणि सहा महिन्यांच्या सरासरीचे ज्ञान असले तर त्या घराचे नुकसान टळेल.

नावाची अडचण दूर होऊ शकते काय, याचे उत्तर कबनूरपासून फार दूर शोधावे लागत नाही. राज्याची सीमा ओलांडली की निपाणी व चिकोडीचा भाग लागतो, आणि तेथे मराठी बोलणारी पुष्कळ घरे आहेत. कर्नाटक शासनाने २०२३ मध्ये ‘गृहज्योती’ योजना सुरू केली. तीत २०२२-२३ मधील सरासरी वापर व त्यावर दहा टक्के, अशा मर्यादेत, महिन्यास दोनशे युनिटांपर्यंत वीज विनामूल्य आहे. आणि भाडेकरूही त्या घरातील आपला निवास दाखवून तिचा लाभ घेऊ शकतो. सरसकट मोफत विजेच्या धोरणाविषयी मतभेद होऊ शकतात व त्याचा खर्च कोणी सोसावा हा गंभीर प्रश्न आहे. परंतु सवलत मीटरवरील नावाऐवजी राहत्या कुटुंबास लावता येते, एवढे या उदाहरणाने सिद्ध झाले आहे. याउलट २०२४ ची केंद्राची ‘सूर्यघर’ योजना तीन किलोवॉटच्या सौर संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान देते. पण त्यासाठी आपले छप्पर पाहिजे.

भविष्याविषयी एक इशारा देऊन हे विवेचन संपवितो. आधी पैसे भरून मग वीज वापरावयाच्या मीटरांची कल्पना अलीकडे पुढे आली. महाराष्ट्रात तिला विरोध झाला व सर्वसामान्य घरगुती ग्राहकांकडे असे मीटर बसविले जाणार नाहीत असे शासनाने २०२४ मध्ये जाहीर केले. ही कल्पना आपणांस तेलाच्या बाटलीकडे परत नेते : जेवढे पैसे तेवढा उजेड. तीत थकबाकी उरत नाही हे खरे. पण थकबाकीबरोबर नोटीस, पंधरा दिवसांची मुदत, हप्ते, हरकत नोंदविण्याची संधी, हे सर्व संरक्षणही उरत नाही. पैसे संपले की अंधार होतो आणि त्याला कोणी ‘लाईट तोडली’ असेही म्हणू शकत नाही.

‘थकबाकी’ हा शब्द ‘थकणे’ आणि ‘बाकी’ यांचा संकर आहे; एक घटक देशी, दुसरा अरबी. मराठीने देण्याला थकवा आरोपिला, देणेकऱ्याला लबाडी आरोपिली नाही. या शब्दात जी समज आहे ती आपल्या सवलतींच्या व्याख्यांतही यावी, आणि त्यासाठी दोन सुधारणा प्रथम कराव्यात, असे या इतिहासावरून सुचते : सवलतीचा वर्ग एका वर्षाच्या वापराने कायमचा बंद होऊ नये, आणि सवलत मोजताना मीटरमागे राहणारी कुटुंबे मोजावीत. यंत्रमागाच्या गावातील मंदीचीही कोणी आणेवारी काढली, तर ती या परंपरेतील पुढची पायरी ठरेल.